काटा तळाला, पंखा सुसाट: कूलंट सेन्सरचा लपंडाव कसा पकडायचा

खंबाटकीची चढण लागली, तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला आणि पहिल्याच मोठ्या वळणावर तीन गोष्टी एकदम झाल्या. मधोमध असलेला तापमानाचा काटा झटक्यात तळाला जाऊन पडला. बॉनेटखालचा पंखा पूर्ण वेगात घोंघावायला लागला. एसी बंद पडून जाळीतून कोमट हवा यायला लागली. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला तो वेगळाच. मागे आई बसली होती. तिने काही न बोलता वर्तमानपत्राची घडी केली आणि वारा घ्यायला सुरुवात केली.

घाटात गाडी तापते हे आपल्याला पाठ असतं. पण तापली तर काटा वर जायला हवा, हा खाली गेला होता. बरं, गार पडली म्हणावं तर पंखा कुणासाठी पळतोय? माथा ओलांडून उतार लागला तशी दोन-तीन मिनिटांत काटा, पंखा, एसी सगळी मंडळी आपापल्या जागी आली. पिवळा दिवा तेवढा राहिला.

पुण्याला परतल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड आला पी०११८. "कूलंट सेन्सर गेलाय," असं सांगून त्यांनी सेन्सर बदलला, दिवा घालवला. तीन आठवडे गाडी शहाण्यासारखी वागली. मग पुन्हा साताऱ्याकडे निघालो आणि जवळजवळ त्याच वळणावर तोच तमाशा.

दरम्यान ओळखीतल्या प्रत्येकाने आपापलं निदान केलं होतं. सगळ्यात लाडकं निदान म्हणजे ई२०, पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल. २०२५ पासून गाडीला काहीही झालं की त्याचं नाव घ्यायची पद्धतच पडली आहे. इथेनॉलमुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं हे खरंच आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्क्यांची घट येईल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. पण ती घट रोजची असते. सोमवारी आहे, मंगळवारी नाही, घाटात आहे, उतारावर नाही, असं इंधन वागत नाही. येऊन-जाऊन असणारं दुखणं बहुतेक वेळा जोडणीत सापडतं.

## हा सेन्सर नेमकं करतो काय

जुन्या पद्मिनीत किंवा अ‍ॅम्बेसेडरमध्ये डॅशबोर्डला चोकची घुंडी असायची. थंडीच्या सकाळी ती ओढायची, गाडी धरली की हळूहळू आत सारायची. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटून बसतं, म्हणून जास्त सोडावं लागतं. ओल्या लाकडांची चूल पेटवताना चिपाडं जास्त घालतात, तसंच.

आता घुंडी गेली आणि तिचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक करतो. इंजिन किती तापलंय हे कळल्याशिवाय त्याला पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, आयडलिंग किती ठेवायचं, पंखा कधी लावायचा, यातलं काहीच ठरवता येत नाही. ही खबर देतो कूलंटच्या वाटेत बसवलेला, बोटाच्या पेराएवढा पितळी किंवा प्लास्टिकचा सेन्सर. कूलंट म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं रसायनमिश्रित पाणी. गॅरेजमध्ये त्याला नुसतं पाणीच म्हणतात, मीही तसंच म्हणेन.

सेन्सरच्या पोटात थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युत रोध कमी होतो, गार झाला की वाढतो. तांब्याच्या तारेचं वागणं याच्या उलट असतं. हा उलटेपणा मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता, म्हणजे मोटारगाडी जन्माला यायच्या कितीतरी आधी. पुष्कळ गाड्यांत वापरतात त्या जातीच्या सेन्सरचा रोध २० अंशांना सुमारे २५०० ओहम असतो, ८० अंशांना ३२० च्या आसपास आणि १०० अंशांना जेमतेम १८५. हे आकडे पुढे लागणार आहेत.

सेन्सरला दोन वायरी. ईसीयू आपल्या पोटातल्या एका ठरलेल्या रोधातून एका वायरीवर ५ व्होल्ट सोडतो. दुसरी वायर अर्थची. सेन्सर गरम असेल तर तो व्होल्टेज खाली ओढतो, गार असेल तर ते वरच राहतं. ईसीयू उरलेलं व्होल्टेज मोजतो आणि आपल्या तक्त्यात पाहून तापमान ठरवतो. थोडक्यात, तो पाण्याला कधीच हात लावत नाही, फक्त तारेवरचे व्होल्ट वाचतो.

## फोन तुटला म्हणून गड्याला काढायचं नसतं

समजा, तुम्ही पुण्यात राहता आणि विहिरीला पाणी किती आहे ते गावाकडचा गडी रोज फोनवर सांगतो. एक दिवस फोन लागत नाही. गडी पळाला की रेंज गेली? नुसत्या न लागलेल्या फोनवरून ते कळत नाही. पी०११८ चं अगदी तसंच आहे. त्याचा अर्थ, सेन्सरच्या सर्किटमधलं व्होल्टेज नको तितकं वर गेलं. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायरी जोडायची प्लास्टिकची खाच), दोन वायरी, ईसीयूकडचा कपलर आणि अर्थ, सगळं आलं. सेन्सर हा त्यातला एक गडी.

वायर कुठेही तुटली की सेन्सर व्होल्टेज खाली ओढू शकत नाही, पूर्ण ५ व्होल्ट तसेच दिसतात. ईसीयूच्या तक्त्यात ५ व्होल्ट म्हणजे तळाची ओळ, उणे ४० अंश. माझा काटा तळाला का पडला ते इथे कळतं. पण दुसऱ्याच क्षणी ईसीयूला शंका येते: आत्ता ९० होतं, लगेच उणे ४०? हे शक्य नाही. मग तो स्वतःचा एक सुरक्षित अंदाज धरून इंजिन चालवतो, आणि खरं तापमान कळत नसल्यामुळे खबरदारी म्हणून पंखा लावून ठेवतो. काही गाड्यांत इंजिनावरचा भार कमी करायला एसीही तोडतो. खंबाटकीत दिसलेलं विचित्र त्रिकूट म्हणजे घाबरलेल्या संगणकाचा शहाणपणा होता.

या जातीचे कोड पाच. पी०११५ सर्किटमधला सरसकट बिघाड, पी०११६ सांगितलेलं तापमान पटण्यासारखं नाही, पी०११७ व्होल्टेज फार खाली म्हणजे बहुधा शॉर्ट, पी०११८ व्होल्टेज फार वर म्हणजे बहुधा तुटलेलं, आणि पी०११९ अधूनमधून येणारा. इथे एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. स्कॅनरवर पी०११८ पुढे 'हाय इनपुट' असं येतं. ते वाचून "गाडी हाय टेंपरेचर मारतेय" असं सांगणारे मला दोन ठिकाणी भेटले. हाय आहे ते व्होल्टेज, आणि या सेन्सरच्या उलट्या स्वभावामुळे त्याचा अर्थ 'थंड' होतो.

## पाणी उडी मारत नाही

या सगळ्या शोधात एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. इंजिनाचं लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि चार-पाच लिटर पाणी यांना तापायला वेळ लागतो. सकाळी गाडी सुरू केली की ३० अंशांवरून ८५ ला यायला पाच-सात मिनिटं जातात, म्हणजे एका अंशाला सहा-सात सेकंद. एका सेकंदात ९० वरून उणे ४० आणि परत ९० हे पाण्याला जमणारं काम नाही. ते फक्त विजेला जमतं.

म्हणून आकड्यापेक्षा आकड्याचा चढउतार कसा होतो ते बघायचं. सरळ कड्यासारखा तुटलेला आलेख दिसला तर वायर, कपलर किंवा सेन्सरच्या आतली जोडणी. टेकडीसारखा सावकाश चढणारा-उतरणारा दिसला तर तापमान खरंच बदलतंय. मग थर्मोस्टॅट, पंखा, पाण्याची पातळी, रेडिएटर यांच्याकडे वळायचं.

मधली एक जात फसवी असते. पाण्यात हवेचा बुडबुडा अडकला आणि सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत आला, तर आकडा काही सेकंदांत दहा-वीस अंश हिंदकळतो. कड्यासारखा तुटत नाही, पण टेकडीइतका सावकाशही नसतो. अशा वेळी डॅशबोर्डमागून हीटरच्या नळ्यांत गुळगुळ आवाज येतो. हा प्रकार बऱ्याचदा सेन्सर बदलल्यानंतरच सुरू होतो, कारण बदलताना पाणी सांडतं आणि आत शिरलेली हवा नीट काढलेली नसते. थर्मोस्टॅट उघडल्यावर रेडिएटरमधलं गार पाणी येऊनही पाच-दहा अंशांची डुबकी बसते. ती आजार नव्हे.

काट्यावर मात्र यासाठी विसंबू नका. बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी साधारण ७५ ते १०५ अंशांमध्ये कुठेही असो, काटा मधोमध उभा राहतो, म्हणजे मालकाला उगाच घोर नको. कित्येक नव्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा आणि लाल असे दोन दिवे.

## गंज थंडीत गप्प, गरमीत बोलका

वायर पूर्ण तुटली तर निदान कोड तरी येतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धवट जोडणी. कपलरच्या पिनेवर हिरवट थर चढलाय आणि तो सर्किटमध्ये २०० ओहमचा जादा रोध घालतोय असं धरा. सकाळी, पाणी २० अंशांना असताना सेन्सरचे २५०० आणि गंजाचे २००, एकूण २७००. ईसीयू दोन-एक अंशांनी चुकतो, कुणाला कळतही नाही. तोच गंज पाणी ९० ला असताना बघा. सेन्सरचे सुमारे २४० आणि गंजाचे २००, झाले ४४०. तक्त्यात ४४० म्हणजे ७० अंश. वीस अंशांची थाप, आणि ईसीयूला शंका घ्यायलाही जागा नाही, कारण ७० हा आकडा पटण्यासारखा आहे. बऱ्याचदा दिवा लागत नाही, कोड येत नाही. पेट्रोल थोडं जास्त जातं, पंखा उशिरा लागतो, आणि मालक पेट्रोल पंपाला शिव्या देतो.

कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यातून गेलेल्या गाडीचा कपलर उघडून बघा, हिरवा थर ओळखीचा वाटेल. पार्किंगमध्ये महिना-महिना उभ्या गाडीत उंदरांचा हातभार वेगळा.

## "कोड सेन्सरचा आहे, तर बदलून टाका ना! असा किती महाग असतो?"

फार नसतो, आणि म्हणूनच बदलला जातो. पण सेन्सर बदलताना कपलर काढला जातो, पिना घासल्या जातात, वायर जराशी हलते. मूळ दोष जोडणीत असेल तर या हलवाहलवीनेच तो काही दिवस दबतो. मग दुरुस्ती झाली असं दोघांनाही वाटतं, गॅरेजवाल्याला आणि तुम्हाला. माझे तीन शांत आठवडे असेच होते. गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता, त्याने अंदाज केला होता.

सेन्सर खराब होतच नाहीत असं मुळीच नाही. आतली जोडणी तापल्यावर सुटते, गार झाल्यावर पुन्हा जुळते, असे सेन्सर असतात. पण मग तसं दाखवता यायला हवं. सेन्सर काढून त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावायचा आणि टोक गरम पाण्याच्या पातेल्यात धरायचं. पाणी तापत जाईल तसा रोध सरळ घसरगुंडीसारखा उतरला पाहिजे. मध्येच आकडा उडाला किंवा अनंत दाखवला, तर सेन्सर दोषी. स्वयंपाकघरातलं पातेलं नको, कूलंट विषारी असतो.

## "बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो"

जातो. पुरावाही जातो. कोड नोंदवताना ईसीयू त्या क्षणाचा एक फोटो काढून ठेवतो: वेग किती, आरपीएम किती, इंजिनावर भार किती, तापमान किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. माझ्या दुसऱ्या वेळच्या फोटोत होतं वेग ३४, आरपीएम ३१००, भार भरपूर. मला वाटलं होतं घाटातली उष्णता कारण आहे. फोटो म्हणत होता जोर कारण आहे. हा फरक पुढे निर्णायक ठरला. पहिल्या वेळचा फोटो आम्ही दिवा घालवताना पुसून टाकला होता.

दिवा आपोआप गेला तरी दुखणं गेलं असं नाही. लागोपाठ तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की दिवा विझतो, कोड मात्र इंजिन थंडाचं गरम ४० वेळा होईपर्यंत आत जपून ठेवलेला असतो. इंजिन थंडाचं गरम झालं हे ठरवतो कोण, तर हाच सेन्सर. चोरालाच पहाऱ्यावर बसवण्याचा प्रकार, पण नियम असा आहे.

## पकडायचा कसा

भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतःच नोंदवून ठेवायची यंत्रणा, बंधनकारक झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट सापडतं. त्यात लावायचा छोटा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर ऑनलाइन मिळतो आणि फोनवर तापमानाचा आलेख दिसतो. माझी गाडी २०१५ ची, तिला तो चालला.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि पाण्याचं तापमान आत येणाऱ्या हवेच्या तापमानाशी ताडून बघा. रात्रभरात सगळं एका पातळीला आलेलं असतं, तेव्हा दोन आकडे तीन-चार अंशांत जुळायला हवेत. हवा २४ आणि पाणी ११ दाखवत असेल, तर कुणीतरी खोटं बोलतंय. माझे जुळले, २३ आणि २४. पण वर पाहिलंच, थंडीत गंज गप्प असतो. म्हणून पंखा लागेपर्यंत गाडी उभ्या जागी गरम करून आलेख पाहिला. तोही गुळगुळीत.

मग एका जाणत्या वायरमनकडे गेलो. गाड्यांच्या वायरिंगचंच काम करणारा, पत्र्याच्या शेडमधला. त्याने स्कॅनरला हात लावण्याआधी विचारलं, "कधी होतं?" घाटात म्हटलं. "चढताना का उतरताना?" चढताना. "सपाटीला, ट्रॅफिकमध्ये तापल्यावर?" कधीच नाही. तो म्हणाला, "मग तापण्याचा संबंध नाही साहेब. इंजिन हलतंय."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इंजिन गाडीला घट्ट जखडलेलं नसतं, रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं. दुसऱ्या गिअरमध्ये जोर लागला की ते एका अंगाला झुकतं. सेन्सर इंजिनावर, ईसीयू गाडीच्या अंगावर, आणि मधली वायर दोघांच्या ओढाताणीत. उतारावर इंजिन परत सरळ.

त्याने किल्ली ऑन केली, मला फोन धरून बसवलं आणि सेन्सरचा कपलर काढला. फोनवर उणे ४०. मग कपलरच्या दोन टोकांमध्ये वायरीचा छोटा तुकडा घालून ती जोडली. आकडा उडी मारून १३० च्या वर. म्हणजे ईसीयू दोन्ही टोकं बरोबर वाचतोय, वायर या क्षणी अखंड आहे. काही गाड्यांत ईसीयू उणे ४० न दाखवता आपला सुरक्षित अंदाजच पडद्यावर दाखवतो, तेव्हा या चाचणीने गोंधळू नका. अशा वेळी मल्टिमीटरने ५ व्होल्ट येतात का ते बघावं.

कपलर परत लावून, इंजिन सुरू ठेवून त्याने वायरिंग हातात घेतलं. ओढाताण नाही, नाडी बघावी तसं. सेन्सरपासून सुरुवात करून एक-एक वीत मागे. मी आकडा वाचत होतो: ८८, ८८, ८९. एअर फिल्टरच्या डब्याखालून वायरिंग जिथे बॅटरीच्या पट्टीला वळसा घालतं, तिथे काहीच नाही. मग त्याने ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडला. इंजिन कुशीवर वळल्यासारखं झुकलं आणि फोनवर उणे ४०. पंखा गरजला. क्लच दाबला, ८९. पुन्हा सोडला, उणे ४०. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. महिनाभराचं भूत पाच मिनिटांत आज्ञाधारक झालं. हा प्रयोग करताना गाडीपुढे कुणी उभं नको आणि क्लच एक-दोन सेकंदांच्या वर अर्धा धरायचा नाही, नाहीतर सेन्सरच्या नादात क्लच प्लेट जायची.

त्या वळशापाशी प्लास्टिकच्या पट्टीने वायरिंग करकचून बांधलेलं होतं, बहुधा कुठल्यातरी सर्व्हिसिंगच्या वेळी. टेप सोडवली. दोन्ही वायरी बाहेरून धडधाकट, कुठे खरचटलेलंही नाही. त्याने एक-एक वायर दोन्ही हातांत धरून अलगद ताणली. अर्थची वायर ताठ राहिली. हिरवी मात्र एका जागी च्युइंगगमसारखी लांबली, बारीक झाली. आत तांबंच नव्हतं. आवरण शाबूत, आतली तार तुटलेली, आणि दोन टोकं सपाटीवर एकमेकांना टेकून निमूट काम करत होती.

एक गोष्ट त्याने कटाक्षाने टाळली, ती म्हणजे वायरीत टाचणी खुपसून व्होल्टेज बघणं. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वर्षभरात आतलं तांबं काळं पडतं. मल्टिमीटरची बारीक टोकं त्याने कपलरच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने सरकवली होती.

## "आपल्याकडे ऊन केवढं! थर्मोस्टॅट काढून पंखा डायरेक्ट करा"

हा सल्ला मला मनापासून, प्रेमाने, चार जणांनी दिला. थर्मोस्टॅट म्हणजे ८२-८८ अंशांच्या आसपास उघडणारी झडप, तिला वॉल म्हणतात. ती काढली की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन हायवेवर हवं तितकं तापतच नाही. पेट्रोल जास्त, काजळी जास्त, ऑइलमध्ये ओल साठते आणि पुढे पी०१२८ हा नवा कोड येतो, म्हणजे पाणी वेळेत तापत नाही. पंखा डायरेक्ट केल्याने तर फक्त तक्रार करणारा गप्प होतो. ईसीयूला चुकीचं तापमान कळत होतं ते कळतच राहतं. मुळात माझ्या गाडीत पाणी एकदाही तापलेलं नव्हतं.

## घाटात असं झालं तर आधी काय

काटा तळाला गेला म्हणजे इंजिन गार आहे, असं समजून पुढे रेटू नका. पाणी पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि इंजिन जळत असताना कमी आकडा दाखवू शकतो. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. म्हणून सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, वाफ, गोडसर वास, खाली ओघळ आहे का बघा, कूलंटच्या बाटलीतली पातळी बघा. केबिनचा हीटर लावा: हवा चांगली कढत येत असेल तर पाणी जागेवर आहे आणि फिरतंय, थंड येत असेल तर इंजिन बंद करा, सेल्फ पुन्हा मारू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आत सुमारे एक बारचा जादा दाब असतो, त्यामुळे १०० च्या वर गेलेलं पाणीही उकळत नाही, आणि झाकण सैल केल्याक्षणी ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

## दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

वायरमनने तुटका भाग कापला, बोटभर नवी वायर घातली. रस ओतून डाग दिला नाही, म्हणजे सोल्डर केलं नाही, पक्कडीने दाबायचे स्लीव्ह वापरले. डागाच्या कडेला वायर कडक होते आणि थरथरीने तिथेच पुन्हा तुटते, असं त्याचं म्हणणं. वर उष्णतेने आवळणारी नळी. वळशापाशी चार बोटं ढील ठेवली, पट्टी सैल बांधली. दीडशे रुपये झाले आणि चहा त्यानेच पाजला. पुन्हा ब्रेक, पहिला गिअर, क्लच. ८९, ८९, ९०.

तरी मी कोड पुसून समाधान मानलं नाही. ज्या परिस्थितीत दोष यायचा तीच परिस्थिती पुन्हा उभी केल्याशिवाय तो गेला असं म्हणता येत नाही. पुढच्या रविवारी शिरवळ मागे टाकलं, आलेख नोंदवायला लावला आणि खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये, मुद्दाम जोर लावत चढलो. घाट उतरून सुरूरपाशी गाडी बाजूला घेऊन आलेख पाहिला. ८७ ते ९८ च्या मधल्या सावकाश टेकड्या, पंखा दोनदा लागून बंद झालेला, एकही कडा नाही. एसी घाटभर चालू राहिला होता हे मात्र मला आलेखावरून कळलं नाही. मागून आईने शाल मागितली तेव्हा कळलं.